बिनविरोध की लढत?

यावल-रावेरकडच्या गावांत ग्रामपंचायतीची निवडणूक आली की पारावर एकच चर्चा: बिनविरोध करायची की लढायची?

बिनविरोधवाल्यांना जर्मन विचारवंत युर्गेन हाबरमास जवळचा वाटेल. चर्चेत सगळे समान असावेत, दबाव नसावा, सरस युक्तिवादाने निकाल लागावा, असं तो मांडतो. विचार मोलाचाच आहे. पण पारावर समान कोण असतं? केळीच्या बागांचे मालक आबा बोलतात, त्यांच्याच बागेत मजुरीला जाणारी बाई गप्प राहते. या गप्प राहण्याला आपण एकमत म्हणतो (हाबरमास स्वतः म्हणणार नाही). महिलांना ५० टक्के जागा राखीव आहेत, पण तिथे कुणाची सून बसवायची हेही पारच ठरवतो.

बेल्जियमची राजकीय विचारवंत शांताल मूफ म्हणते, प्रत्येक एकमत कुणाला तरी बाहेर ठेवूनच होतं. म्हणून शत्रूला प्रतिस्पर्धी माना. त्याला हरवा, पण त्याचा लढायचा हक्क मान्य करा.

लढतीने भाऊबंदकी पेटते, निकालानंतर शेतरस्ते अडवले जातात. तरी मला लढतच हवी. मतदानाच्या खोलीत ती मजूर बाई एकटी असते आणि कुणालाही न विचारता बटण दाबते.