नदीची श्रेणी वाचायला शिकवणारा दोन दिवसांचा कयाकिंग वर्ग

नदीच्या काठिण्याची पहिली ते सहावी ही आंतरराष्ट्रीय श्रेणी मला पाठ होती. ती वापरायची कशी, हे मात्र या वर्गात कळले. पहिल्या श्रेणीत लहान लाटा असतात, तिसरीत अनियमित लाटांतून नेमके वळण घ्यावे लागते, चौथीत बहुधा काठावर उतरून आधी पाहणी करावी लागते, एवढे कोणतीही पुस्तिका सांगते. प्रशिक्षकांनी पहिल्याच तासात आम्हाला एका खळाळाच्या (नदीत खडकांवरून पाणी वेगाने उसळत जाते त्या टप्प्याच्या) काठावर उभे केले आणि दोन प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे लिहायला लावली: येथून कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) नेणे किती अवघड आहे, आणि चूक झाली तर काय होईल?

या वर्गाचे खरे मोल या दुसऱ्या प्रश्नात आहे. खळाळाखाली शांत डोह असेल, तर कयाकमधून पडलेला माणूस पोहत काठाला लागतो. पण तितक्याच अवघड खळाळात झाड आडवे पडले असेल, तर पाणी फांद्यांतून निघून जाते आणि माणूस त्यांच्यावर दाबला जातो. कमी उंचीच्या बंधाऱ्याचे उदाहरण तर अंगावर काटा आणणारे होते, कारण वरून निरुपद्रवी दिसणारे ते पाणी पायथ्याशी मागे वळते आणि सापडलेल्याला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढते.

पाणी १० अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल किंवा मदत फार दूर असेल, तर खळाळ एक श्रेणी वरचा धरावा, हा नियमही नीट समजावला. पाचवी श्रेणी वर खुली, म्हणजे अवघडपणाची ठरावीक कमाल मर्यादा नसलेली, असून तिचे ५.०, ५.१ असे पोटभाग पाडतात, हे ओझरते सांगितले. आमच्या पातळीला तेवढे पुरे होते.

माझी तक्रार पाण्याच्या पातळीविषयी आहे. पाणी वाढले की काही खळाळ पाण्याखाली बुजून सोपे होतात, तर काही कितीतरी अधिक घातक होतात, म्हणजे प्रवाह किती होता हे ठाऊक नसताना श्रेणीचा आकडा अपुराच ठरतो. तरीही या विषयाला जेमतेम अर्धा तास मिळाला आणि पातळीमापक पट्टी आम्ही प्रत्यक्ष वाचलीच नाही. बचावदोर फेकण्याचा सरावही प्रत्येकाच्या वाट्याला दोनदाच आला.

ज्यांना दुसऱ्या श्रेणीच्या पाण्यात कयाक आत्मविश्वासाने वळवता येते, त्यांनी हा वर्ग अवश्य करावा. अगदी नवख्यांनी आधी संथ पाण्यावर काही महिने घालवावेत, कारण येथे वल्हे धरण्यापासून कोणी शिकवत नाही.