बिले स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून: होस्टिंगचा मेल, वर्कस्पेस की स्वतंत्र मेल-सेवा?

पाठवलेले बिल ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडल्याचे कळले, की बहुतेक उद्योजक मजकुरातील ‘मोफत’, ‘सवलत’ हे शब्द गाळू लागतात. परंतु मेल स्वीकारणारा सर्व्हर शब्दांपेक्षा पाठवणाऱ्याची ओळख आणि त्याचा पूर्वेतिहास अधिक पाहतो, म्हणून खरा निर्णय मेल कोठून पाठवायचा हा आहे.

वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर मिळणारा मेलबॉक्स स्वस्त पडतो. मात्र शेअर्ड (अनेकांत वाटलेल्या) होस्टिंगवर एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरील एकाच क्रमांकावरून, अनेक अनोळखी संकेतस्थळांचे मेल जातात आणि त्यांतले एखादे हॅक होऊन तेथून कचरा सुटला, की सुक्याबरोबर ओलेही जळते. रोजच्या व्यवहारासाठी मी तो सुचवणार नाही.

गूगल वर्कस्पेस किंवा झोहो मेल या तुमच्या डोमेनच्या नावाने मेलबॉक्स देणाऱ्या सेवांना माणशी शुल्क पडते, पण त्यांच्या सर्व्हरची पत राखलेली असते. वर्कस्पेसमध्ये एका खात्यावरून दिवसाला २,००० मेलची मर्यादा आहे. कोटेशने व पत्रव्यवहार यांना ती भरपूर झाली, मात्र या खात्यांवरून जाहिराती पाठवू नयेत.

ॲमेझॉन एसईएससारखी स्वतंत्र मेल-सेवा सॉफ्टवेअर किंवा वेबसाइटचे मेल पाठवून देते, मेलच्या संख्येवर पैसे घेते आणि परत आलेल्या मेलची व तक्रारींची नोंद देते. तिच्यात वेगळा आयपीही विकत मिळतो, पण रोजची संख्या थोडी असेल तर त्या आयपीची पत तयारच होत नाही, त्यामुळे लहान उद्योगाने त्या मोहात पडू नये.

कोणताही पर्याय निवडला तरी डोमेनच्या डीएनएसमधील (डोमेनची माहिती इतर सर्व्हरना देणाऱ्या नोंदवहीतील) तीन नोंदी चुकत नाहीत: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. एसपीएफ तुमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवण्याची कोणत्या सर्व्हरना परवानगी आहे ते सांगते, पण मेल फॉरवर्ड झाला की ते सहसा निकामी ठरते. डीकेआयएमची, म्हणजे मेलला जोडलेली डिजिटल, सही मजकूर न बदलल्यास फॉरवर्डनंतरही टिकते, म्हणून माझा भर तिच्यावर आहे. या दोहोंपैकी निदान एक ‘फ्रॉम’मधील डोमेनशी जुळले पाहिजे, ही डीमार्कची अट असल्याने मोफत जीमेलचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये लावून एसईएससारख्या सेवेतून मेल पाठवणे आता धोक्याचे आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या आहेत, तसेच स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात.

दिवसाला वीस-तीस कोटेशने पाठवणाऱ्या कारखान्याला वर्कस्पेस किंवा झोहो पुरते. ऑनलाइन दुकानाने मात्र माणसांचा पत्रव्यवहार तेथे ठेवून ऑर्डरच्या पावत्या मेल-सेवेतून एका उपडोमेनवरून (मुख्य डोमेनच्या पोटातील वेगळ्या नावावरून) पाठवाव्यात आणि जाहिरातींना दुसरे उपडोमेन द्यावे, म्हणजे जाहिरातींच्या तक्रारींची झळ पावत्यांना कमी लागते. डीमार्क आरंभी ‘नन’ धोरणावर (तपासणीत नापास मेलही अडवू नका, असे सांगणाऱ्या) ठेवून मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरकडून येणारे अहवाल वाचावेत, कारण हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि वेबसाइटवरील चौकशीचा फॉर्म हे विसरलेले प्रेषक तेथेच सापडतात. फॉर्म ग्राहकाचाच पत्ता ‘फ्रॉम’मध्ये घालत असेल, तर तेथे स्वतःच्या डोमेनचा पत्ता द्यावा आणि ग्राहकाचा ‘रिप्लाय-टू’मध्ये ठेवावा.