लॉख सूनार्टकाठची केबिन: हिवाळ्याचे सहा महिने आणि चिलटांचे दोन आठवडे

जागेचं नाव मुद्दाम देत नाही. तक्रारी बऱ्याच लिहायच्या आहेत आणि मालकीणबाई भल्या आहेत. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर स्ट्रॉन्शियन आणि सेलन या दोन गावांच्या मधे, लॉख सूनार्टच्या काठावर ओकचं जुनं जंगल आहे. त्यात तीन लाकडी केबिनी आहेत, सगळ्यात वरची आमची होती, एवढं पुरे.

आम्ही दोघं ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत तिथे राहिलो. थंडीत पर्यटक फिरकत नाहीत, त्यामुळे अशा जागा महिन्याच्या भाड्याने मिळतात. आम्ही महिना ८५० पौंड दिले. दोघांचंही काम लॅपटॉपवरचं, त्यामुळे ग्लासगोचं घर बंद करून जाणं जमलं. मग जूनमध्ये आई देवरुखहून आली, तेव्हा तिला घेऊन पुन्हा पंधरा दिवस गेलो. त्या पंधरा दिवसांचं बिल हिवाळ्यातल्या दोन महिन्यांपेक्षा जास्त झालं. पण ही तक्रार एकट्या या जागेची नाही, उन्हाळ्यात सगळीकडे तेच.

लॉख म्हणजे तळं, असं सगळे सांगतात. हे लॉख खारं आहे. समुद्रापासून तीसेक किलोमीटर आत घुसलेलं, दिवसातून दोनदा भरती-ओहोटी. आपल्या भाषेत सरळ खाडी. ओहोटीला काळ्या खडकांवर तपकिरी शेवाळ लोंबतं आणि वास थेट जयगडच्या धक्क्यावरचा, फक्त गारठलेला. सील खडकावर पालथे पडलेले असतात. पाणमांजर सहा महिन्यांत चारदा दिसलं, चारही वेळा हातात कॅमेरा नव्हता.

जाहिरातीत दोन शब्द ठळक आहेत, ‘शाश्वत’ आणि ‘निवांत’. पहिला खरा निघाला, दुसरा पहिल्यापायी खोटा पडला. कसा, ते सांगते.

विजेच्या तारा इथवर आलेल्या नाहीत. छपरावर सौर पॅनेल आहेत आणि मागच्या ओढ्यावर एक लहानसं जलविद्युत यंत्र. दोन्हींची वीज एकाच बॅटरीत साठते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथे सूर्य नऊला उगवतो आणि साडेतीनच्या पुढे कधीतरी मावळतो. जेमतेम पावणेसात तासांचा दिवस, त्यात ढग. पॅनेल तेव्हा नुसती शोभेची. पण ओढा दुथडी वाहत असतो, आणि ते यंत्र रात्रंदिवस ४०० वॅट देत राहतं, म्हणजे दिवसाला साडेनऊ युनिट. जूनमध्ये नेमकं उलटं. ओढा खडकांमधून कसाबसा झिरपतो, पण साडेचारला उगवलेला सूर्य रात्री दहा वाजून गेले तरी मावळायचं नाव घेत नाही. हा हिशोब ज्याने मांडला त्याला माझा नमस्कार.

नोव्हेंबरमध्ये मात्र या हिशोबात ओकची पानं येतात. केबिनपासून दीडशे पावलं चढून गेलं की ओढ्याचं पाणी पाइपात शिरतं ती जागा लागते. तिथे पोलादी जाळी आहे. पानगळ सुरू झाली की पानं या जाळीवर एकावर एक चिकटतात, ओल्या पत्रावळींच्या चवडीसारखी, आणि पाणी जाळीवरून निघून जातं. पहिल्यांदा आम्हाला काही कळलंच नाही. संध्याकाळी बॅटरी ७० टक्के होती, सकाळी २२. आणि ते आधी लक्षात आणून दिलं संडासाने. संडास कोरडा आहे, त्याचा वास बाहेर खेचणारा छोटा पंखा याच बॅटरीवर चालतो. बॅटरी फार उतरली की यंत्रणा आपणहून बारीकसारीक गोष्टी बंद करते, त्यात पंखा पहिला. सकाळी सहाला नवरा अंथरुणातूनच म्हणाला, “जाळी तुंबली वाटतं.” तोवर जाळी कुठे आहे हेही आम्हाला माहीत नव्हतं. सोय कशी असावी, तर नाकाला कळावी.

तेव्हापासून नोव्हेंबरभर हा नेमच झाला. कपाळाला दिवा बांधायचा, रेनकोट चढवायचा, निसरड्या दगडांवरून वर जायचं आणि कोपरापर्यंत हात ओढ्यात घालून पानं उपसायची. पाणी इतकं गार की तिसऱ्या मुठीनंतर बोटं आपली राहत नाहीत. धरायला कठडा नाही, दोरी नाही. मी एकदा घसरून गुडघा फोडून घेतला. मालकीणबाईंना कळवलं तेव्हा उत्तर आलं, “खरंच सांभाळून जा हं!” आणि पुढे एक हसरा चेहरा. पाच ताऱ्यांपैकी एक मी तिथेच कापला.

पिण्याचं पाणीही त्याच ओढ्याचं. पीट नावाच्या कुजकट काळ्या मातीतून येतं म्हणून रंग फिक्या चहासारखा. गाळून, अतिनील दिव्याखालून नळाला येतं. बॅटरी उतरली की दिवाही बंद, मग उकळून प्यायचं. चवीला फार छान पाणी आहे. पाहुण्यांना मात्र आधी सांगून ठेवावं लागतं.

संडासाबद्दल सगळे दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मोठ्याने लिहिते. पंखा चालू असेल तर वास येत नाही. मल आणि मूत्र वेगवेगळं जमा होतं, वरून मूठभर लाकडाचा भुसा टाकायचा, आठवड्याला डबा रिकामा करायचं काम मालकीणबाईंचा माणूस करतो. मला आईची धास्ती होती. तिने आत डोकावून पाहिलं, भुशाचा डबा उचलून हुंगला आणि म्हणाली, “अगं, आमच्याकडे राख टाकायचे. तुम्ही याचे पैसे भरता?”

आता लाकूड. घर गरम ठेवायला एकच शेगडी, तिच्यावरच स्वयंपाक. भिंतींत मेंढीची लोकर भरलेली आहे, त्यामुळे एकदा खोली तापली की ऊब रात्रभर टिकते. पण जळाऊ लाकडात ओल २० टक्क्यांच्या खाली हवी, हा इथला साधा नियम. डिसेंबरमध्ये आलेल्या ढिगात आमच्या मीटरने ३१ दाखवले. ओलं लाकूड जळत नाही, नुसतं कण्हतं. काच काळी, धुराडं काजळलेलं आणि खोलीत चौदा अंश. कुकर तीन शिट्ट्यांना सव्वा तास घेई. आम्ही ओंडके शेगडीभोवती कुडासारखे रचून वाळवायचो, आजचे उद्यासाठी. जंगलात राहून सरपणाची टंचाई. हे दोनदा कळवलं, दोनदा दिलगिरी आली, लाकूड तेच आलं. दुसरा तारा तिथे गेला.

एवढं सगळं सोसून पुन्हा का गेलो, याचं उत्तर ते जंगल आहे.

इथे वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. देवरुखला याहून जास्त. पण आपला पाऊस चार महिन्यांत काय ते उरकून मोकळा होतो, हा बारा महिने हप्त्याने पडतो. जवळ अटलांटिक महासागर असल्याने थंडी फार बोचरी नसते. त्यामुळे खोडावर, फांद्यांवर, दगडावर, बाकावर सगळीकडे हिरवा गिलावा. समशीतोष्ण पर्जन्यवन म्हणतात ते हे. जानेवारीत झाडांना एक पान नसतं आणि तरी जंगल हिरवंगार दिसतं.

आईला घेऊन आरिअंडलच्या राखीव जंगलात गेले होते. ओकच्या एका खोडावर पालेभाजीसारखं काहीतरी लोंबत होतं, तळहाताएवढं, वर खळगे-खळगे. मी सांगितलं की याला इंग्रजीत फुप्फुसाच्या नावाने ओळखतात, हे शैवाक आहे, हवा स्वच्छ असेल तिथेच वाढतं. तिने चष्मा वर सरकवला, नाक जवळ नेलं. “दगडफूल आहे हे.” आणि खरंच की! गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे शैवाकच, त्याच गोतावळ्यातलं. तिचा हात पिशवीकडे जायला लागला तेव्हा मी मनगट धरलं. एवढं व्हायला वर्षानुवर्षं लागतात, इथून काडीही न्यायची नाही. “मसाल्यापुरतं गं,” ती म्हणाली, पण सोडलं.

केबिनच्या वर उतारावर सपाट केलेली एक गोल जागा आहे. मला वाटलं तंबूसाठी असेल. ती कोळसा पाडायची जागा निघाली. दक्षिणेला लॉख एटिव्हच्या काठी बोनॉ इथे १७५३ साली लोखंडाची भट्टी सुरू झाली आणि १८७६ पर्यंत चालली. या किनाऱ्यावरचे ओक अशा भट्ट्यांच्या कोळशासाठी पाळीपाळीने तोडायचे आणि बुंध्यांना पुन्हा धुमारे फुटू द्यायचे. म्हणून आजही एकाच बुडख्यातून तीन-चार खोडं वर गेलेली दिसतात. रायगडात कातकऱ्यांच्या कोळशाच्या भट्ट्या मी लहानपणी पाहिल्यात, ती काळी गोल जमीन मी ओळखायला हवी होती.

आज या जंगलाच्या जिवावर उठलंय ते ऱ्होडोडेंड्रॉन. अठराव्या शतकात बागांसाठी ब्रिटनमध्ये आणलेलं झुडूप. जूनमध्ये जांभळं फुलतं, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. खाली मात्र गडद अंधार, तिथे ओकचं रोप उगवत नाही. उगवलंच तर हरणं खातात. आपल्याकडची घाणेरी आठवा. मालकीणबाई दर मार्चला पाहुण्यांना करवती देऊन ते तोडायला बोलावतात. दोन शनिवार गेलो, पाठ धरली, पण भाड्यातले काही पौंड खरोखर या कामाला जातात हे डोळ्यांनी पाहिलं. जाहिरातीतल्या त्या पहिल्या शब्दाला मी गुण देते ते यासाठी. पॅनेल काय, कुणीही बसवतं.

गुण कापायचे तर आमच्या गाडीचे कापा. किराण्याला फोर्ट विल्यम, म्हणजे कोरनच्या फेरीबोटीने पाणी ओलांडून जाऊन-येऊन दिवस मोडतो. एकदा गप्पांच्या नादात माझ्याच चुकीने शेवटची फेरीबोट हुकली, तर लॉख ईलच्या टोकाला वळसा घालून चाळीसहून जास्त मैल अंधारात, एकपदरी रस्त्याने, हरणं चुकवत यावं लागलं. सहा महिन्यांत जाळलेल्या पेट्रोलचा आकडा नवऱ्याने वहीत लिहिला होता. मी तो इथे लिहीत नाही.

जूनबद्दल थोडक्यात. निळ्याशार संध्याकाळी, कामं आटोपून, चहा घेऊन व्हरांड्यात बसलात की चिलटं येतात. इथे त्यांना मिज म्हणतात, दोन मिलिमीटरही नसतील, आणि येतात ती ढगाने. वारा असेल तर उडता येत नाही त्यांना, म्हणून दुपारी आम्ही काठावर मजेत आणि वारा पडला की घरात कोंडलेले. मलम लावलं, जाळीची टोपी घातली. आई पदर तोंडावर घेऊन दोन दिवस बसली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “थंडीतच बरं असेल तुमचं.” मला तिचं पटतं. ज्यांना सुट्टी हवी त्यांनी मे महिन्याच्या सुरुवातीला जावं, चिलटं यायच्या आधी, जंगलात ब्लूबेलची निळी फुलं असतात तेव्हा. ज्यांना सुट्टीत नवा संसार मांडायची हौस आहे त्यांनी नोव्हेंबरात.

किरकोळ गोष्टी. इंटरनेट उपग्रहावरचं आणि वेगवान, पण रात्री बंद ठेवलं तर बॅटरी वाचते. गवतातून आल्यावर अंगावर गोचीड तपासायची, लाइम रोगाची भीती खरी आहे. बेसनाचे लाडू व्हरांड्यात ठेवू नका. पाइन मार्टेन नावाचा मुंगसाच्या चणीचा प्राणी झाकण उघडतो, आमचे अकरा लाडू त्याने एका रात्रीत संपवले. आणि स्ट्रॉन्शियन गाव एकदा पायी फिरा. तिथल्या शिशाच्या खाणीत सापडलेल्या खनिजावरून स्ट्रॉन्शियम हे नाव पडलं. फटाक्यातला लाल रंग त्याचाच. दिवाळीला आम्ही खाडीकाठी चार पणत्या लावल्या, वाऱ्याने तीन विझवल्या.

पाचपैकी तीन तारे. येत्या ऑक्टोबरसाठी आम्ही पुन्हा नाव दिलंय, दोन अटींवर: ओढ्याच्या वाटेला कठडा आणि सुकं लाकूड. काल मालकीणबाईंनी फोटो पाठवला. कठडा बसलाय, चांगला जाडजूड. लाकडाबद्दल पत्रात काही नाही.