बँकेने गळ्यात मारलेली पॉलिसी : लोकपाल की ग्राहक आयोग?

एफडी करायला गेलेल्या माणसाला बँकेने विम्याची पॉलिसी दिली, तक्रार केल्यावर ‘सही तुमचीच आहे’ असं उत्तर आलं. आता जायचं कुठे? रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे की जिल्हा ग्राहक आयोगाकडे? आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो.

प्रकरण रावेर तालुक्यातलं. केळीचे दोन लाख रुपये घेऊन अप्पा बँकेत गेले, वय 67. दहा वर्षं दरसाल हप्ता भरायची, बाजाराशी जोडलेली पॉलिसी निघाली. दुसऱ्या हप्त्याचं पत्र आलं तेव्हा ते कळलं, आणि पॉलिसी परत करायची मुदत तोवर संपली होती.

लोकपालाची वाट सोपी आहे, यात शंका नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर घरबसल्या रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर. फी नाही, वकील लागत नाही. न विचारता हप्ता कापला, एकच रक्कम दोनदा वळती झाली, अशी चूक कागदावरच दिसत असेल तर आजही मी तिकडेच जा म्हणेन.

आमचं अडलं ते सहीपाशी. फॉर्म सगळा इंग्रजीत भरलेला, खाली अप्पांची मराठी सही. उत्पन्नाच्या रकान्यात बारा लाख, जोखमीच्या रकान्यात ‘उच्च’. सही मराठीत, म्हणून ‘मजकूर यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितला’ असं निवेदन सोबत जोडलेलं. त्यावर सही पॉलिसी विकणाऱ्या कर्मचाऱ्याचीच! हे सगळं मी तक्रारीत लिहिलं होतं. पण लोकपालाचं काम संक्षिप्त पद्धतीने चालतं; बराच तोंडी-लेखी पुरावा तपासावा लागेल असं वाटलं तर तक्रार नाकारता येते. आमची तशीच नाकारली गेली. बँकेतल्या त्या टेबलावर तुम्हाला काय सांगितलं होतं, हे अप्पांना कुणी एकदाही विचारलं नाही. ते मात्र घरी पुन्हा पुन्हा म्हणत, ‘मी तं एफडी कराले गेलतो.’ चुकीच्या सल्ल्याचं भांडण तोंडी दिलेल्या शब्दावरचं असतं आणि तो शब्द ऐकायलाच कुणी नसेल तर सही जिंकते. माझं मन तिथेच ठरलं.

जळगावच्या आयोगात तक्रार मराठीत दिली, अप्पांचं शपथपत्र जोडलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. बँकेला म्हणणं मांडायला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढे सवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. बँक म्हणाली, आम्ही नुसते विक्रेते, पॉलिसी विमा कंपनीची. पण कॉर्पोरेट एजंट म्हणून विमा विकणाऱ्या बँकेवर तिच्या माणसांच्या वागण्याची जबाबदारी येते. ‘समजावून सांगितलं’ म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याचं शपथपत्र द्या, अशी मागणी आम्ही केली आणि बँकेचा सूर बदलला. तडजोडीत मूळ रक्कम मिळाली, व्याज आम्ही सोडलं.

वेळ मात्र फार गेला. कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिलेत, आम्हाला एकोणीस लागले. ऐन केळी कापणीत तारीख पडली की जळगावची खेप जड जाते. एखाद्याला इतकं थांबणं जमणार नाही, त्याला मी आग्रह करणार नाही.

तरी तुमच्याकडेही प्रश्न ‘काय सांगितलं’ हाच असेल तर माझा कल आयोगाकडे आहे. आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तीच तक्रार घेत नाही. आधी लोकपाल आणि मग आयोग हा क्रम चालतो, पण आयोगाकडे तक्रार करायची दोन वर्षांची मुदत तेवढ्यासाठी थांबत नाही. आमचे सात महिने तिकडे गेले होते. म्हणून लोकपालाकडे अर्ज टाकतानाच भरलेल्या फॉर्मची प्रत बँकेकडून मागून घ्या आणि आयोगाची तक्रारही लिहायला बसा.