हर्णे की मुरूड-जंजिरा? शनिवार-रविवारचा बेत

दहा-बाराजणांचा ग्रुप आणि हातात दोनच दिवस असतील, तर माझं मत सरळ दापोलीजवळच्या हर्णेला.

कारण तिथला लिलाव. दुपार कलली की होड्या किनाऱ्याकडे येतात आणि ओल्या वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग लागतात. बोली इतकी भरभर चढते की नवख्याला कुणी घेतलं तेही कळत नाही. मोठ्या बोलीत पडू नका. बाजूला वाटे लावून बसलेल्या मावशींकडून घ्या, कल्ले लाल आहेत ना ते बघून. आणि हो, वाटेत उभं राहून फोटो काढू नका, त्यांची ती कामाची वेळ असते.

समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांपैकी हा एक. समुद्र शांत असेल तरच होडी जाते.

रायगडातलं मुरूड मुंबईकरांना जवळ. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या बोटीने) मांडव्याला उतरलं की पुढचा रस्ताही देखणा. राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला जाणं, तिथली कलालबांगडी तोफ बघणं, हे मुलांना हर्णेपेक्षा जास्त आवडेल. पण सुट्टीच्या दिवशी राजपुरीच्या धक्क्यावर रांग लागते आणि अर्धा दिवस तिथेच जातो. सोबत लहान मुलं असतील तर मुरूड, मासेखाऊ मंडळी असतील तर हर्णे.

जून-जुलैत मात्र दोन्हीकडे जाऊ नका. यांत्रिक मासेमारी बंद असते, किल्ल्यांच्या होड्याही.