बदलाच्या काळातला ऑनलाइन ‘आधारवर्ग’: कागद उत्तम, जोडी नापास

घटस्फोटाचा निकाल लागला, पाठोपाठ घर बदललं, कामाची वेळही बदलली. ‘आम्ही आहोत ना’ म्हणणारे खूप निघाले. आहेत म्हणजे नेमकं कशाला आहेत, हे मात्र कुणी सांगेना. म्हणून पैसे भरून एका ऑनलाइन गटवर्गात नाव घातलं. आठवड्यातून एकदा दीड तास, दहा-बाराजणांचा गट, एक संचालिका आणि सोबत एक ॲप. संस्थेचं नाव देत नाही. असे वर्ग आता बरेच निघालेत आणि साचा साधारण हाच असतो.

पहिलं सत्र वाया. होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांची १९६७ ची तणावाची यादी हातात दिली. ४३ घटना आणि प्रत्येकीला गुण: जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५० (हो, लग्नालाही आहेत), निवृत्ती ४५, घर बदलणं २०, कामाच्या वेळा बदलणं २०. माझी बेरीज ११३. दीडशेच्या आत म्हणजे आजारी पडण्याचा धोका कमी. वा! आमच्या गटात नुकतेच निवृत्त झालेले एक काका होते. त्यांची बेरीज माझ्याहून कमी आणि अवस्था माझ्याहून वाईट, कारण त्यांची सगळी माणसं ऑफिसातली आणि ऑफिस सुटलेलं. डोक्यावर भार किती, एवढंच ती यादी मोजते. उचलायला सोबत कोण आहे, हे विचारतच नाही. यावर अर्धं सत्र घालवायची गरज नव्हती.

दुसऱ्या सत्रापासून मात्र पैसे वसूल व्हायला लागले. एका कागदावर तीन वर्तुळं काढायची, मध्ये आपण. ज्यांच्याशिवाय जगण्याची कल्पना करवत नाही ते सर्वांत आत, मग तितके नसले तरी महत्त्वाचे, मग बाकीचे जवळचे. कान आणि अँटोनुची या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये मांडलेली ही पद्धत. त्यानंतर त्याच नावांचा तक्ता. त्याला चार रकाने: मनाला धीर, प्रत्यक्ष काम, माहिती, आणि ‘तुझं बरोबर चाललंय’ किंवा ‘हे चुकतंय’ असं तोंडावर सांगणारं माणूस. आधाराचे हे चार प्रकार जेम्स हाउस या समाजशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये मांडले, असं संचालिकेने सांगितलं. मला त्या चार रकान्यांशी मतलब.

मी आईचं नाव डोळे झाकून पहिल्या रकान्यात लिहिलं. संचालिकेने एवढंच विचारलं, “आईंचा फोन ठेवल्यावर हलकं वाटतं की जड?” खरं सांगायचं तर जड. माझ्याआधी तीच रडायला लागते. नाव दुसऱ्या रकान्यात गेलं. मुलीला शाळेतून आणण्याचं काम आईइतकं चोख कुणी करत नाही. तेव्हापासून मी तिच्याकडे सांत्वन मागत नाही, मदत मागते, आणि आमची भांडणं निम्म्यावर आली आहेत.

दुसरी गोष्ट गृहपाठाची. एका माणसाला एकच काम सांगायचं, वार आणि वेळेसकट. ‘लागलं तर सांगेन हं’ हे वाक्य बाद. माझी एंडोस्कोपी व्हायची होती. त्यात गुंगीचं औषध देणार होते, त्यामुळे घरी न्यायला कुणीतरी मोठं माणूस लागतं, आणि तक्त्यात तीच जागा रिकामी होती. जुन्या ऑफिसातल्या एकीला लिहिलं, “गुरुवारी सकाळी आठ ते अकरा माझ्यासोबत बसशील का? गुंगी उतरली की घरी सोडायचं.” उत्तर आलं, “बसते. वाचायला काहीतरी घेऊन येते.” ही बाई माझ्या सर्वांत बाहेरच्या वर्तुळातली! मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा एक निबंध वर्गात सांगितला होता. नोकरीची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण जिवलगांना बहुतेक आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. नोकरीचं मला माहीत नाही, पण नवं घर मला अशाच एका ओळखीतून मिळालं होतं.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी ‘जोडी’ची. प्रत्येकाला गटातलाच एक जोडीदार देतात, रोज एकमेकांची चौकशी करायची. माझ्या जोडीदारणीचा नवरा नुकताच गेलेला, मी ही अशी. रात्री अकराला दोघी एकमेकींना धीर द्यायला बसायचो आणि दोघी झोप घालवून उठायचो. दोघीही गटांगळ्या खात असताना कोण कुणाला ओढणार? दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटांमध्येसुद्धा नव्या माणसाला आधी त्या वाटेने गेलेला जुना सदस्य सोबतीला असतो. इथे मागच्या तुकडीतली माणसं बोलवता आली असती. तसं कळवलं, तर आभाराचा ठरावीक मेल आला.

ॲप तर काढूनच टाकलं. भर मीटिंगमध्ये ‘आज कसं वाटतंय?’ म्हणून पाच चेहरे पाठवतं. वर फोनमधली सगळी नावं-नंबर वाचायची परवानगी मागतं. माझ्या माणसांनी तुम्हाला त्यांचे नंबर दिलेले नाहीत हो! व्हिडिओ कॉलमधल्या छोट्या गटांच्या खोल्याही वेळ संपली की आपोआप बंद होतात, मग बोलणारा हुंदक्यात असला तरी.

पाचपैकी साडेतीन तारे, त्यातले तीन त्या तक्त्याचे. निवृत्ती, घटस्फोट, नवं गाव, नवं बाळ यांपैकी काही असेल आणि मदत मागताना जीभ अडखळत असेल, तर जरूर घ्या. झोप-भूक उडाली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टर. हा वर्ग त्यासाठी नाही, आणि तसं त्यांनी नोंदणीच्या पानावर ठळक लिहायला हवं. जोडी नको असेल तर पैसे भरण्याआधीच सांगा. नंतर बदलून देत नाहीत.