३० लिटरचा ओटीजी आणि भेटीचे डबे: पावसाळा, दिवाळी, थंडी पाहिल्यानंतरचा अनुभव

राखीला, दिवाळीला घरच्यांना खाऊचे डबे द्यायचे असतील तर ३० लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे घरगुती विजेची भट्टी) पुरतो. बालगृहाला किंवा वृद्धाश्रमाला दोनशे नग द्यायचे म्हटलं की मात्र काय भाजायचं ते नीट ठरवावं लागतं. पंखा नसलेल्या मॉडेलमध्ये एका वेळी एकच ट्रे नीट भाजतो. दोन लावले तर खालच्या ट्रेचे तळ करपतात आणि वरच्या ट्रेचे कच्चे राहतात, कारण खालच्या रॉडची उष्णता खालचा ट्रेच अडवतो. दुकानात दोन जाळ्या दाखवतात, त्यावर जाऊ नये.

बसवताना दोन गोष्टी बघा. हा ओटीजी साधारण १५०० वॉटचा असतो, त्याला १६ अँपिअरचा सॉकेटच हवा. साध्या सॉकेटला लावून तास-तास चालवला तर प्लग तापतो. मागे आणि बाजूंना चार-चार इंच मोकळी जागा ठेवा. विजेचं म्हणाल, तर थर्मोस्टॅट मधेमधे रॉड बंद करतो, त्यामुळे तासाला दीड युनिटपेक्षा कमीच जातं.

डायलवर विश्वास ठेवू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. १८० वर ठेवल्यावर आत १६० ते २०० यांतलं काहीही असू शकतं. जाळीला अडकवायचा ओव्हन थर्मामीटर घ्या, रिकामा ओटीजी २० मिनिटं चालवा आणि काटा वर-खाली किती जातो ते बघून मधला आकडा धरा. एकदा हा फरक कळला की पाककृतीतल्या तापमानाला अर्थ येतो. खाली दिलेले आकडे थर्मामीटरचे आहेत. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त तापते, म्हणून दोन-तृतीयांश वेळ झाला की ट्रे फिरवायचा, तोही पटकन. दार अर्धा मिनिट उघडं राहिलं तरी बरीच उष्णता निघून जाते.

नानकटाईचं प्रमाण: मैदा १५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, तूप १२५ ग्रॅम, चाळलेली पिठीसाखर १०० ग्रॅम, अर्धा चमचा बेकिंग पावडर, वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ. २०-२० ग्रॅमचे गोळे केले तर साधारण बावीस होतात, म्हणजे दोन ट्रे. १६५ अंशांवर १८ ते २० मिनिटं, दोन्ही रॉड, मधली जाळी.

सगळा खेळ तुपाचा आहे. गोठलेलं रवाळ तूप साखरेबरोबर पांढरं, हलकं होईपर्यंत फेटायचं. एप्रिल-मेमध्ये नाशिकला तूप पातळच असतं, तशात नानकटाई पसरून पुरीसारखी चपटी होते. मग तूप आधी फ्रिजमध्ये गोठवा आणि वळलेले गोळेही ट्रेसकट अर्धा तास थंड करा. डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं: तूप दगडासारखं, पीठ कोरडं, गोळ्याला चिरा. अशा वेळी दूध घालण्याचा मोह टाळा, त्याने खुसखुशीतपणा जातो. तूप तासभर आधी उबेला काढा आणि जास्त फेटा. पिठीसाखरेऐवजी दाणेदार साखर वापरली तरीही नानकटाई पसरते. गरम असताना ती मऊच लागते, म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवली की कडक झालीच. तळ फिका बदामी झाला की काढायची.

ओटीजीबरोबर येणारा काळा ट्रे तळ लवकर लाल करतो. ॲल्युमिनियमचे दोन ट्रे वेगळे घ्या, एक आत असताना दुसरा थंड होतो. तापलेल्या ट्रेवर गोळे ठेवले तर भाजण्याआधीच तूप सुटतं.

संस्थेसाठी माझी पसंती नागलीच्या (नाचणीच्या) बिस्किटांना. नागलीचं पीठ १०० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, तूप ८० ग्रॅम, गुळाची पावडर ९० ग्रॅम, दोन टेबलस्पून दूध. नागलीचं पीठ मंद आचेवर चार-पाच मिनिटं परतून पूर्ण गार करायचं. नुसत्या नागलीचं बिस्कीट डब्यात भुगा होतं, कारण तिच्यात धरून ठेवणारं ग्लुटेन नाही, कणीक त्यासाठीच. पाऊण सेंटीमीटरहून पातळ लाटून चार सेंटीमीटरचे चौकोन कापा, काट्याने टोचा, १६० अंशांवर १५-१६ मिनिटं. रंग आधीच गडद असल्याने भाजल्याचं डोळ्यांना कळत नाही. भाजल्याचा वास सुटला आणि कड बोटाला घट्ट लागली की झालं.

ही बिस्किटं पसरत नाहीत, म्हणून एका ट्रेवर तीस बसतात. नानकटाई बाराच बसते. दोनशे नानकटायांना सतरा ट्रे, म्हणजे जवळपास सहा तास. नागलीची दोन-दोन द्यायची म्हणून चारशे केली तरी चौदा ट्रे, पावणेचार तास. त्याहून जास्त हवं असेल तर सामान घेऊन बेकरीत जाऊन भाजून आणण्याची आपली जुनी पद्धतच बरी. किलोवर मजुरी घेतात आणि भट्टीत एकसारखं भाजून मिळतं.

केक गावातल्या गावात द्यायचा असेल तरच करा. बेदाण्याचा बिनअंड्याचा केक सात इंची भांड्यात १७० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं घेतो. आधी फक्त खालचा रॉड, शेवटची दहा मिनिटं दोन्ही. नाहीतर वरून फुटतो आणि आत कच्चा राहतो. बेदाणे कोमट पाण्यात भिजवून, पुसून, मैद्यात घोळवा, म्हणजे तळाला बसणार नाहीत.

डबा भरायची घाई नको. जाळीवर किमान तासभर गार होऊ द्या, नाहीतर वाफेने रात्रीत मऊ पडतात. पावसाळ्यात तसं झालंच तर १५० अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवून पुन्हा गार करा. कुरिअरने राखीबरोबर पाठवायला नागलीची बिस्किटं टिकतात, नानकटाईचा चुरा होतो. चौकोन उभे रचा, थरांत बटर पेपर घाला आणि डबा हलवून बघा. आवाज आला तर रिकाम्या जागी कागद कोंबा.

संस्थेत आधी फोन करून विचारा. काही ठिकाणी घरचं खाणं घेत नाहीत, काही ठिकाणी वेळ ठरलेली असते. वृद्धाश्रमात मधुमेही किती आणि चावता न येणारे किती, हेही विचारा. डब्यावर भाजल्याची तारीख आणि सगळे घटक लिहा. दूध, गहू, सुकामेवा तर ठळक अक्षरांत. मदतीसाठी स्टॉल लावून विकणार असाल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते.

तक्रारी दोन. डायलवरचे आकडे पुसट होत चालले आहेत, तिथे मार्करने खुणा केल्या. दाराची स्प्रिंग सैल झाल्याने वरच्या कडेतून वाफ येते, त्यामुळे केकला तीन-चार मिनिटं जास्त लागतात. सांडलेलं तूप खालच्या ट्रेमधून दर वेळी पुसा, पुढच्या खेपेला त्याचाच धूर होतो. वर्षातून दोन-तीनदाच डबे करणाऱ्यांनी हेच माप घ्यावं. दर महिन्याला संस्थेत देणाऱ्यांनी थोडे पैसे जास्त घालून पंख्याचं मॉडेल घ्यावं आणि त्यात तापमान १५ ते २० अंश कमी ठेवावं.